खापऱ्यांचा बाजार

हल्ली मास्तरांच्या ट्रेनिंगमध्ये ‘खेळातून अक्षरओळख’ असा वेगळा तासच असतो म्हणे. रंगीत पत्ते छापून मिळतात. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मिठाच्या सत्याग्रहाच्या आधी, उरणजवळच्या एका शाळेत, फुटक्या खापऱ्यांवर चुन्याने अक्षरं काढून मी हाच खेळ खेळवत होतो. तो माझ्याच सहीने बंद करवला गेला.

शाळेत मास्तर मी एकटाच. ट्रेनिंग झालेलं नव्हतं. आईबरोबर बाजारात भाजी विकत विकत सातवीच्या फायनलपर्यंत पोचलेला माणूस. बिगरीतली मुलं मिठागरातल्या घरांची. ओळीने बसवून क-ख-ग घोकायला लावलं की निम्मी पेंगत, निम्मी पळत. घासाघीस मात्र त्यांच्या अंगातच होती. म्हणून मी वर्गात बाजार मांडला. विकणाऱ्याने पुढ्यात खापऱ्या मांडायच्या. घेणाऱ्याने अक्षराचं नाव सांगायचं आणि मग शिंपल्यांत भाव करायचा. नाव चुकलं तर दोन शिंपल्या दंड. विकणाऱ्याने नाव कधीच सांगायचं नाही, हा पक्का नियम. चार महिन्यांत एकूण एक पोर सगळी अक्षरं ओळखू लागलं.

त्यात सात वर्षांची एक मुलगी सगळ्यांत तरबेज. तिच्या बापाने मला आधीच बजावलं होतं, पास झाली तर पहिलीत बसेल, नापास झाली तर मिठागरावर कामाला येईल.

परीक्षेला शाळा तपासणारे दिपोटीसाहेब आले, तेव्हा बाजार मांडलेलाच होता. तिच्या पुढ्यातल्या ‘म’च्या खापरीवर छडी टेकवून त्यांनी विचारलं, “हे कोणतं अक्षर?”

ती शांतपणे म्हणाली, “तूच सांग. चुकलास तं दोन शिंपल्या.”

पोरं खिदळली. आमच्याकडे बापालाही अरेतुरे करतात, हे साहेबांना कोण सांगणार? मी तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला. मग सगळ्यांना ‘क’पासून ओळीने म्हणायला लावलं. बाजारात ओळ नसते. मुलं ‘घ’च्या पुढे अडली. ही चूक माझी, मान्य. पण फळ्यावर कुठलंही अक्षर काढा, वाचतील, असं मी दोनदा विनवलं. त्यांनी खडूला हात लावला नाही. सगळी बिगरी नापास.

मी त्यांच्यामागे बंदरावर गेलो. भरती यायची होती, मचवा चिखलात बसलेला. परत चला, पाच मिनिटं परीक्षा घ्या, म्हणून मी हुज्जत घातली. आवाज चढला माझा, लपवत नाही. ते रुमालाने मान पुसत म्हणाले, “मास्तर, पोरं पास करतो. हा बाजार बंद, असं लिहून द्या.”

म्हणजे पोरांना येतं, हे त्यांना कळलेलं होतं! मी बाजाराला फक्त शनिवार मागितला. नाही. शनिवारचा अर्धा तास मागितला. नाही. समोरच्याला सौद्याची गरजच नसली की भाव उतरत नाही, हे मी लहानपणीच शिकलो होतो. मी लिहून दिलं. त्यांनी नापासाचे शेरे खोडले, शाई वाळू दिली आणि मचव्यात चढले.

तसाच मिठागरावर जाऊन तिच्या बापाला सांगितलं. तो मीठ ओढत होता, थांबलाही नाही. “हातांची गरज व्हती मना,” तो म्हणाला. “पन बोललो ते बोललो. बसव पयलीत.”

त्याने निदान शब्द पाळला. पुढे मास्तरकी सोडून व्यापारात पडलो, तिथे मला पुष्कळांनी फसवलं, त्यातले कितीतरी मी विसरलो. पोरांना येतं हे कळूनही सौदा करणारा हा साहेब विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, “मास्तर, बाजार कंदी मांडशील?”

“आता तू मोठी झालीस,” मी म्हणालो. “मोठ्या पोरांना बाजार लागत नाही.”

साफ खोटं होतं ते. तिला ते पटलं, याचाच राग अजून जात नाही.