जास्तीची नऊ अक्षरं

टीव्हीवर एकच वाक्य बोललं की डॉ. विद्याधर चौबळांच्या पदरात संस्थेचं संचालकपद पडणार होतं. वाक्य असं: करोनाच्या नव्या विषाणूत जनुकाची नऊ अक्षरं जास्तीची आहेत, आणि ती प्रयोगशाळेत कुणीतरी घुसडलीत. ते बोलले. पद पदरात पडलं. त्याला दोन वर्षं झाली. आता जेवणानंतर केबिनमध्ये खुर्ची मागे रेलून ते डुलकी घेतात.

आजही डोळे जडावतात. एसीची घरघर नमुने ठेवायच्या शीतगृहाची होते, आणि समोर शालनबाई घोरपडे, त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ, ट्रे घेऊन उभ्या. त्या जाऊनही दोन वर्षं झालीत.

"झोपा, झोपा सर. मोठी माणसं दमतात."

"बाई, तुम्ही तर..."

"गेले ना. म्हणून तर रजेचा अर्ज दिला नाही." बाई ट्रे ठेवतात. "मी तक्ता दाखवला होता तुम्हाला. साध्या पेशंटांचे नमुने. कुणात तीन अक्षरं जास्त, कुणात बारा. विषाणू स्वतःची नक्कल करताना घसरतो, हाती लागेल तो तुकडा मधे चिकटवतो. घुसडायला माणूस लागतोच कशाला?"

"पाहिला होता."

"मग?"

"ड्रॉवरमध्ये टाकला."

शीतगृहाचं दार उघडतं ते थेट बाईंच्या गल्लीत. नळावरच्या कळश्या एकेक करून मागे सरकतात. "टीव्हीवर सांगितलं ना, हीच ती, विषाणू बनवणाऱ्या लॅबमधली!" बाई तापाने फणफणत उंबऱ्यावर बसल्यात. दवाखान्यात ने म्हटलं तरी शेजारचा रिक्षावाला रिक्षा पुसत राहतो, वर बघत नाही.

"मला फोन करायचात, बाई."

"केला होता. तुम्ही स्टुडिओत होतात."

चौबळांची मान खाली जाते.

"शेवटी माझाही नमुना तुमच्याकडेच आला. किती निघाली जास्तीची?"

"सहा."

"ती कुणी घुसडली हो, सर?"

बाई त्यांचा हात ओढून घेतात आणि हातमोज्यावर लिहावा तसा एक नंबर पेनाने लिहितात.

केबिनमधला फोन वाजतो, चौबळ जागे होतात. "सर, चॅनेलवाले आलेत. त्याच विषयावर दोन मिनिटं हवीत."

हाताच्या पाठीवर निळ्या शाईत बाईंच्या नमुन्याचा नंबर. चौबळ रुमालाने घासतात; कातडी लाल होते, नंबर तसाच. ते हात खिशात घालून उठतात.

चॅनेलला प्रेक्षक मिळाले, चौबळांना खुर्ची. दोघांचंही बिल भरलं ते शालनबाईंनी, उंबऱ्यावर बसून.