कोरडे दाते

तेल्हाऱ्याकडचं गाव सोडून मी अमरावतीत उस्तादांच्या गॅरेजात कामाला होतो. शाळा आठवीतच सुटलेली, वय बावीस. कपाशीनं लोकांची कंबर मोडली, ती वर्षं. गाड्या दुरुस्तीला येईनाशा झाल्या. उस्तादांनी दोन कारागिरांना हात जोडून घरी पाठवलं, मला मात्र ठेवलं. का ठेवलं, हे विचारायची कधी हिंमत झाली नाही. आज मस्कतच्या वर्कशॉपात पोट भरतं ते त्यांच्यामुळंच.

आमच्याकडे एक जुनी जर्मन मोटरसायकल यायची. गुरांचे एक रिटायर झालेले डॉक्टर होते, त्यांच्या वडिलांची. तिचे दोन सिलिंडर आडवे, बैलाच्या शिंगांसारखे दोन्हीकडे बाहेर आलेले. किक मागे नाही, बाजूला मारायची. आणि साखळीच नाही. नळीच्या आतून एक लोखंडी दांडा फिरतो, तो मागचं चाक फिरवतो. दांड्याच्या टोकाला दाते, चाकाच्या पोटातही दाते, ते एकमेकांत बसतात. चाक काढलं की त्या दात्यांना बोटानं ग्रीस लावायचं, मगच चाक चढवायचं. उस्तादांनी दहा वेळा बजावलेलं. कोरडे फिरले तर झिजतात, आणि असे दाते अख्ख्या वऱ्हाडात मिळत नाहीत.

त्या सकाळी मागच्या चाकाचं पंक्चर मीच काढलं. डॉक्टर बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना, मागे बसवून अकोल्याला लेकीकडे निघाले. तासाभरानं जेवायच्या आधी हात धुवायला बसलो, तर उजव्या हाताचं बोट स्वच्छ. ग्रीस लावल्यावर ते दिवसभर काळं राहतं. दाते गेले तर गाडी गेली, आणि मग मला कशाला ठेवतील?

"उस्ताद, ग्रीस राहिलं."

"किसका?"

"जर्मनचं."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "साहेब बाईले घेऊन अर्ध्या रस्त्यात पोचले, अन् तू मले आता सांगून राहिला?"

"लेकीकडे फोन लावू?"

"फोनवर ग्रीस लागते का बे? बस पकड."

पिशवीत पाने आणि ग्रीसचा डबा घेऊन खिडकीशी बसलो. बडनेऱ्यापासून रस्त्याकडेची प्रत्येक उभी गाडी बघत होतो. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक मोटरसायकल आडवी दिसली तसा मी उठून उभाच राहिलो. ती दुधवाल्याची निघाली. कंडक्टर म्हणाला, "उतरायचं का मालक, का नुसतंच दर्शन?" मला हसूही आलं नाही.

अकोल्यात लेकीच्या घरी पोचलो, तर डॉक्टर अंगणात चहा पीत बसले होते. कडुनिंबाखाली गाडी सुखरूप उभी. मी चप्पल न काढता दारातूनच सगळं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "काहून रे, इतक्यासाठी आला? जेवला तरी का?"

"आधी चाक काढू द्या जी."

घाईत चाकाचा एक्सल निसटून पायावर पडला. चाक बाहेर आलं. जुन्या ग्रीसचा पातळ, तांबूस थर तेवढा उरला होता. डॉक्टरांनी चहाचा कप ठेवला, स्वतःचं बोट आत घालून एकेक दाता चाचपला. गाभण गाय तपासावी तसं.

"झिजले की करवतीसारखे टोचतात," ते म्हणाले. "हे अजून बोथट आहेत. लाव ग्रीस."

मी लावलं. ते शेजारी उकिडवे बसून बघत होते. चाक चढल्यावर म्हणाले, "उद्या जाताना तूच माझ्या मागे बस. काही आवाज आला तर तुले आधी समजंल."

"अन् मी?" बाईंनी विचारलं.

"तू बसनं ये."

"वा! चूक याची, अन् शिक्षा मले."

दुसऱ्या दिवशी अकोल्यापासून मी सीटची कड धरून, मान वाकडी करून मागच्या चाकाकडे कान लावून बसलो होतो. बडनेरा आलं तेव्हा डॉक्टरांनी मागे न बघता विचारलं, "येते का आवाज?"

"नाही जी."

"मग श्वास घे ना बापा."