बाबांच्या पेडलचा इतिहास विचारायला आलेले दोघे

मित्रांनो, दुपारपासून डोकं जाग्यावर नाही, म्हणून इथं लिहितोय.

आमचे बाबा पूर्वी सिंदी रेल्वे या आमच्या गावात ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी गिटारचे पेडल बनवायचे. पायाने दाबलं की गिटारचा आवाज जाड, खरखरीत करणारी लोखंडी डबी. खूप चालली, मग बाहेरचा माल आला आणि कारखाना बंद पडला.

आज पुण्याहून दोघं आले. "काका, तुमच्या कारखान्याचा इतिहास लिहायचाय," म्हणाले. बाबा असे खुलले की बोलतच सुटले. पण त्या दोघांचं लक्ष गोष्टीत नव्हतंच. ते डबी उघडून आतल्या वायरिंगचे अगदी जवळून फोटो काढत होते.

मी सहज विचारलं, "पहिला पेडल बाबांनी कोणासाठी बनवला होता?" बाबांनी ते आत्ताच सांगितलं होतं. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मी डबी उचलली, फोटो पुसायला लावले आणि त्यांना दारापर्यंत सोडून आलो.

बाबा भडकले. "काऊन हाकललं त्याइले? नकल करतीन त करतीन. इतक्या वर्षांत मले कोणी इचारलं तरी का?"

तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. मला अजूनही ते दोघं चोरच वाटतात. तुम्ही काय केलं असतं?