पहाऱ्यावरच्या माणसाला चहा सांगणारे

समुद्रावरचा सगळ्यात निरुपयोगी प्राणी म्हणजे रडारच्या पडद्यावर विसंबून डोळे मिटलेला अधिकारी. मी दिघोरी गावचा. काही वर्षं जहाजावर खलाशी होतो, आणि हा प्राणी अगदी जवळून पाहिला आहे.

रात्री जहाज चालतं तेव्हा ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, अधिकाऱ्यासोबत एक खलाशी उभा असतो. काम एकच. अंधारात बघत राहायचं आणि दिवा दिसला की सांगायचं. जगभराचा नियम आहे हा. पण आमच्या सेकंड ऑफिसरला तो खलाशी म्हणजे फुकटचा वेटर वाटायचा. स्वतः मोबाईलवर क्रिकेटचे जुने सामने बघायचा आणि मला म्हणायचा, "खडा क्या है? चाय ला. कप भी धो देना."

आमच्याकडे धान पिकलं की रानडुकरं हाकायला शेतातल्या उंच मांडवावर राखण बसते. राखणीवरच्या माणसाला गावातला सगळ्यात अडेलतट्टूही दुसरं काम सांगत नाही. त्याचा डबासुद्धा वर नेऊन देतात. डुकरांच्या राखणीला एवढा मान. हजारो टनांच्या जहाजावरच्या पहाऱ्याला तेवढाही नव्हता.

एका रात्री त्याने पुन्हा चहा सांगितला तेव्हा मी म्हणालो, "पहले किसी को यहाँ खडा करो साब, फिर जाता हूँ." तो तोंडाला येईल ते बोलू लागला. त्याचं बोलणं चालू असतानाच उजव्या अंगाला, समोर, मला एक बारीक पिवळा दिवा दिसला. लाटेआड जाणारा, पुन्हा वर येणारा. मी ओरडलो. साहेब म्हणे, रडारवर काही नाही. लाकडी होडी रडारवर दिसेलच असं नाही, हे त्याला शिकवलेलं होतं. पण शिक्षण परीक्षेपुरतं! मी पुन्हा ओरडलो तेव्हा कुठे त्याने मान वर केली, पांढरा पडला आणि जहाज वळवलं. होडी इतक्या जवळून गेली, की तिच्यातला माणूस टॉर्च नाचवत शिव्या देताना दिसला.

सकाळी कॅप्टनसमोर निकाल लागला. दिवा साहेबांनी पाहिला. मी हुकूम मोडला. पुढच्या बंदरातून माझी घरी रवानगी.

नंतर भरतीचा एजंट आमच्या गावाकडच्या शहापूरला हायवेवरच्या हॉटेलात भेटला. बाबाही सोबत होते. पुढचं जहाज हवं असेल तर कंपनीच्या साहेबाची फोनवर माफी मागायची, एवढीच अट.

"दोन शब्दांचं काम आहे बाबू," एजंट म्हणाला. "सॉरी म्हण अन् मोकळा हो. कायले क्रांती करून राहिला?"

"कॉलेजात पत्रकं वाटत फिरे हा," बाबा म्हणाले. "तोंड तवापासूनच फाटलं याचं." मग माझ्याकडे वळले. "पण दिवा तूच पाह्यला होता ना?"

"मीच पाह्यला."

"मंग सॉरी कायची?"

"काकाजी, तुम्हीच पोराले बिघडवून राहिले!"

तेवढ्यात एजंटने लावलेला फोन लागला. साहेबाचा आवाज फ्रिजमधून काढल्यासारखा थंड आणि गोड. "गलती मान ली ना, बेटा?"

"साब, मैं चाय बनाने जाता, तो सामने कौन देखता?"

"वो अलग बात है."

"वही तो बात है, साब."

फोन कटला. "लाव आता धान," एजंट म्हणाला आणि उठला.

मला पुन्हा जहाज मिळालं नाही. सेकंड ऑफिसरला मात्र बढती मिळाली. आता तो आणखी मोठं जहाज न बघता चालवतो.