आत्याचं अप्रूव्हल

करोना गेला, पण आमच्या बेलवलीच्या सोसायटीत एक ॲप ठेवून गेला. पाहुणा आला की वॉचमन त्याचा फोटो आपल्या फोनवर पाठवतो, आपण 'अप्रूव्ह' दाबायचं, मगच गेट उघडणार.

दर पावसाळ्यात नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं की तिथे राहणारी माझी आत्या लोणच्याची बरणी काखोटीला मारून थेट आमच्या तिसऱ्या मजल्यावर येते. विचारायची पद्धतच नाही आमच्यात. यंदाही पाणी चढलं, लाइट गेली, पाठोपाठ नेटवर्कही गेलं. आत्या गेटबाहेर भिजत उभी आणि मी गॅलरीतून ओरडतेय, "अहो, सोडा तिला, माझी आत्या आहे!"

वॉचमन मान वर करून म्हणतो, "मॅडम, अप्रूव्हल नाही आलं. रूल तुम्हीच मीटिंगमध्ये पास केला ना?"

दहा वर्षं ओळखतो हा माणूस तिला! तिच्या हातचं लोणचं खाल्लंय त्याने! माझं डोकंच फिरलं. तणतणत तीन जिने उतरले आणि गेट स्वतः उघडलं.

आत्याने बरणी माझ्या हातात दिली.

"करोनात तुझ्या दाराशी कुणी फिरकत नव्हतं," ती म्हणाली, "तेव्हा डबा घेऊन मीच यायचे ना गं? तेव्हा नाही विचारलंस, कोण आलंय म्हणून."