ताकद, दम आणि चामराजपेटची खोली

गडहिंग्लजच्या स्टँडवर बेळगावची गाडी लागली, तेव्हा आबांनी माझी किटबॅग खिडकीतून आत सारून जागा धरली. तिथून पुढं मला बेंगळूर गाठायचं होतं. आबांची पिठाची गिरणी. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस. खिडकीखाली उभे राहून एवढंच म्हणाले, "ताकद खाऊन येती पोरी. पोट मारून खेळू नगंस." मी हसले. बेंगळूरच्या एका क्लबाच्या महिला फुटबॉल संघात माझी निवड झाली होती. आमच्या गल्लीतून खेळासाठी इतक्या लांब निघालेली मी पहिलीच.

चामराजपेटमध्ये लक्ष्मीअक्कांच्या घराच्या माडीवर खोली मिळाली. अक्का मूळच्या निपाणीकडच्या. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. जिन्यात दिसले की जेवलीस का म्हणून विचारायच्या, "ऊट आयता गं? ये, स्वल्प भात घे." त्या हाकेनं पहिले महिने तरले.

क्लबात प्रदीप सर आमचा व्यायाम बघायचे. मिडफिल्डच्या मुलीला दोन्ही लागतं, ते सांगायचे. अख्खा सामना धावायचा दम, आणि शेवटच्या मिनिटालाही धक्का देऊन बॉल काढून घ्यायची ताकद. "पण ही दोन कामं शरीराला वेगवेगळी सांगावी लागतात," ते म्हणायचे. "जड वजनं आणि जोराचं पळणं एकाला लागून एक केलंत, तर धड एकही पदरात पडणार नाही. मध्ये जेवण पाहिजे, झोप पाहिजे." म्हणून वजनांचा दिवस वेगळा, पळण्याचा वेगळा. एकाच दिवशी आलंच, तर वजनं सकाळी आणि पळणं संध्याकाळी.

त्या काळाइतकी मजबूत मी कधीच नव्हते. खांद्यावर बार घेऊन बसून उठताना मांड्या थरथरायच्या, पण उठायच्याच. सामना संपत आला की समोरच्या मुली वाकून गुडघे धरायच्या, आणि मला अजून पळावंसं वाटायचं. गल्लीतल्या तुम्हा सगळ्यांना फोनवर हे सांगताना माझा आवाज चढायचा, आठवत असेल.

मग आम्ही लागोपाठ हरलो. मुख्य कोचनी ठरवलं की पोरी जड झाल्यात. वजनं उचलून झाली की तिथूनच मैदानावर, रोज. सुट्टीचा दिवस गेला. प्रदीप सर दोनदा भांडले, आणि एका सोमवारपासून ते आलेच नाहीत. कोच सगळ्यांसमोर एकेकीला वजनकाट्यावर उभं करायचे. मी भात सोडला. अक्का म्हणाल्या, "चिमणी तरी जास्त खाते की गं." पाळी थांबली. मला बरंच वाटलं, सामन्याच्या दिवशी अडचण नको. नडगी दुखायची तेव्हा बर्फ लावून पळायचे.

एका सकाळी सरावात, कुणी धक्काही दिला नव्हता, पाय खाली टेकवला आणि परत उचलताच आला नाही. डॉक्टरीणबाई एक्स-रेची फिल्म बघत म्हणाल्या, "हाड रोज थोडं झिजतं आणि विश्रांतीत भरून येतं. तुमच्या हाडाला ना सवड मिळाली, ना अन्न." प्लास्टर निघाल्यावर मी परत गेले. पाय पुन्हा त्याच जागी मोडला. त्यानंतर क्लबानं बोलावलं नाही.

आता मी इंदिरानगरच्या जिममध्ये ट्रेनर आहे. पुण्याकडची आयटीतली मुलं येतात. "मॅम, हाफ मॅरेथॉन करायचीय आणि मसलही वाढवायचेत." मी त्यांना प्रदीप सरांचंच सांगते. ती आरामात ऐकतात. विश्रांती घेतली म्हणून त्यांची जागा कुणी घेत नाही. तिकडे गिरणीत आबा गिऱ्हाइकांना सांगतात, "पोरगी कोच हाय बेंगळूरला."

ते ऐकूनच काकांनी श्रेयाला पाठवलं. माझी चुलत बहीण, माझ्याहून चपळ. क्लब दुसरा, कोच दुसरे. ती माझ्याच खोलीत राहते. गेल्या महिन्यात केस विंचरता विंचरता म्हणाली, "ताई, पाळीची कटकट गेली बघ माझी."

 मी तिला सगळं सांगितलं, माझ्या मोडलेल्या पायावरून हात फिरवायला लावला. डॉक्टरांकडे चल म्हटलं. ती म्हणाली, "आणि त्यांनी थांब म्हटलं तर? माझ्या जागेवर दुसरी उभीच आहे." मग काकांना फोन केला. काका शांतपणे म्हणाले, "तुझं नशीब तुझ्यापाशी. तिचं मन खच्ची करू नकोस." आबांना सांगितलं.  ते म्हणाले, "माझ्या भावाला वाटंल, आपल्या पोटात दुखतंय."

आता श्रेया जिना उतरताना कठड्याला धरून उतरते. मी विचारलं की चिडते. मी विचारायचं सोडलं आहे.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत, त्यांना कदाचित कळेल. घर म्हणजे मला एके काळी असं ठिकाण वाटायचं, की जिथं हरून गेलं तरी चालतं. पण आपल्या हरण्याचा तिथं कुणाला उपयोग नसतो. ते आपल्याला माफ करतात आणि दुसरीला पाठवतात.

रविवारी आबांचा फोन येतो. मागं गिरणीचा पट्टा फिरत असतो, म्हणून ते ओरडून विचारतात, "पोर कशी हाय?"

श्रेया पलंगावर पाय वर घेऊन पडलेली असते. ती माझ्याकडे बघते.

"छान पळते," मी सांगते.