साठ हजारांची कमान

माझ्या साडूंबद्दल माझ्या मनात काडीचाही मत्सर नाही. दर रविवारी सकाळी दहा ते दोन त्यांच्या कॉलनीतली लाईट जावी, एवढीच माझी माफक इच्छा असते.

(साडू म्हणजे सुहासराव. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गंगापूर रोडला फ्लॅट, विम्याची नोकरी, शनिवार-रविवार सुट्टी, आणि पन्नाशीतही डोक्यावरचे केस जागच्या जागी. तरीही मत्सर नाही!)

भानगड रविवारची होती. माझी मुलगी सई दुसरीत असल्यापासून आमचा दोघांचा नेम होता: रविवारी सकाळी स्कूटर काढायची आणि मिसळ खायला जायचं. तिचा पापड मी खायचा, माझं दही तिने. माझा धंदा मंडप डेकोरेशनचा. लग्नसराईत मी घरच्यांना फक्त जेवताना दिसतो, तेही उभ्याने. पण रविवारची मिसळ मी कधी चुकवली नाही. सई नववीत गेली आणि एका रविवारी मी स्कूटरची किल्ली वाजवत उभा असताना म्हणाली, "बाबा, आज नको ना. सुहासकाकांकडे जायचंय."

सुहासरावांनी गेमिंग कॉम्प्युटर घेतला होता. आयता नाही, एकेक भाग स्वतः निवडून, जुळवून! आणि त्यावर स्वतःच खेळत होते. पन्नाशीचा माणूस, कानांवर वाट्यांएवढे हेडफोन लावून ओरडतो, "सई, मागून ये, मागून ये! मी कव्हर देतो!"

सई दुपारी घरी आली ती गाल लाल करूनच. "बाबा, काका काय भारी खेळतात! त्यांनी मला तीनदा वाचवलं."

"कशापासून?"

"झॉम्बींपासून."

"तुला डेंग्यू झाला होता तेव्हा मी पाच दिवस दवाखान्यात..."

"बाबा, ते वेगळं."

ते वेगळं! पाच दिवस मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून काढले, आणि भाव झॉम्बी मारणाऱ्याला!

असे सहा रविवार गेले. मी एकट्याने मिसळ खाऊन पाहिली. दोन्ही पापड माझेच, पण घशाखाली उतरेनात. सातव्या रविवारी मी सुहासरावांकडे ते प्रकरण बघायला गेलो. काचेचं कॅबिनेट, आत चार पंखे, पंख्यांत रंगीत दिवे. मी व्यवसायाने रोषणाईवाला. चार दिवे बघून आपली मुलगी हातची जाते, हे मला सहन होईना. घरी आलो आणि जाहीर केलं, "सई, आपणही बनवायचा! बजेट साठ हजार. यादी तू कर."

सईने दोन महिने यादी केली. माझ्या जुन्या ऑर्डर बुकाच्या पाठकोऱ्या पानांवर, खाडाखोड करून, ह्यात हजार वाचव, त्यात दोन हजार वाचव, असं करत पोरीने साठ हजारांत तंतोतंत बसवलं. तिने मला समजावूनही सांगितलं. "बाबा, मुख्य म्हणजे हे ग्राफिक्स कार्ड. निम्मे पैसे त्यातच गेलेत. कॅबिनेट एकदम साधं घेतलंय, पत्र्याचं. पंखे दोनच, बिनदिव्यांचे. चालेल ना?"

"पळेल," मी म्हणालो.

"आणि दुकानात गेल्यावर यादीत काही बदलू नका हं. सगळं एकमेकांवर अवलंबून आहे."

"बदलतो कशाला! मी काय वेडा आहे?"

(या प्रश्नाचं उत्तर पुढे येतंच आहे.)

दुकानातला पोरगेला मालक यादी वाचून खूश झाला. "काका, यादी कोणी केली? एक नंबर आहे."

"मुलीने," मी छाती फुगवून म्हणालो. तेवढ्यात त्याने ते साधं कॅबिनेट काउंटरवर ठेवलं आणि छातीतली हवा गेली. काळं, चौकोनी, पत्र्याचं खोकं! आमच्या गोदामातली खिळ्यांची पेटीसुद्धा त्याच्यापेक्षा देखणी आहे. हे सुहासरावांना दाखवायचं? आणि नेमकी माझी नजर त्याच्या मागच्या फळीवर गेली. तिथे होतं एक कॅबिनेट. दोन बाजूंना अखंड काच. आत सात पंखे. प्रत्येक पंख्यात इंद्रधनुष्य.

सात! सुहासरावांच्याला चार होते. (मोजले होते का? अर्थात मोजले होते.)

आता आमच्या धंद्याचा एक नियम आहे. पैसा कमानीत घालायचा. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या घरच्या लग्नात मी राजवाड्याची कमान उभी केली होती. मागे सगळा बांबू आणि पांढरं कापड. लोक अजून त्या कमानीचं नाव काढतात. मागच्या बांबूंची चौकशी आजतागायत कोणी केलेली नाही.

"ते काचेचं द्या," मी म्हणालो. "आणि दिव्यांचं आणखी काय काय आहे?"

काय काय नव्हतं! दिव्यांचा कीबोर्ड होता. दिव्यांचा माऊस होता. रॅम नावाच्या पट्ट्या येतात, त्यांनाही दिवे होते. पाण्याने थंड करणारा कूलर होता, त्याच्या डोक्यावर तर चक्क चक्राकार दिवा, गणपतीच्या मागे फिरतो तसा! मी "द्या, द्या" म्हणत गेलो आणि आकडा साठ हजार ओलांडून पुढे निघाला.

"काका, बजेट वर जातंय. काहीतरी काढावं लागेल."

मी यादीतली सगळ्यात महाग ओळ शोधली. "हे ग्राफिक्स कार्ड कुठे बसतं?"

"आत."

"त्याला दिवे आहेत?"

"यातल्याला नाहीत."

"मग काढा!"

तो घुटमळला. "काका, तुम्ही घेताय तो प्रोसेसर कार्डाशिवाय चित्रच दाखवत नाही. घरी ग्राफिक्स कार्ड आहे का?"

मला विक्रेत्यांचे डाव पाठ आहेत. मीसुद्धा प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो, "कार्पेट आहे का घरचं? नाही? मग लाल टाकून घ्या, शोभा येते." त्यामुळे मी अजिबात न डगमगता म्हणालो, "आहे की! दोन आहेत!"

"मग प्रश्नच मिटला." त्याने सगळं जोडलं, दुकानातलंच एक कार्ड तात्पुरतं लावून मशीन चालू करून दाखवलं, पडद्यावर झकास चित्र आलं, मग ते कार्ड काढून घेतलं आणि म्हणाला, "तुमचं घरचं इथे बसवा. ही खाच बघून ठेवा." मी मान डोलवत होतो. बघत मात्र होतो पंख्यांकडे.

मुहूर्त धरला दसऱ्याचा. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. शिडी, पक्कड, हातोडा, ड्रिल मशीन यांच्या रांगेत मध्यभागी कॉम्प्युटर मांडला. आदल्या दिवसापासून त्यावर मखमली पडदा. सईला हातसुद्धा लावू दिला नाही. पडद्याला दोरी, दोरीला सोनेरी गोंडा, वरून एक फोकस. (सामान घरचंच!) आणि उद्घाटक? सुहासराव! त्यांचा चेहरा पडताना मला अगदी जवळून बघायचा होता.

सकाळी दहाला सुहासराव आणि त्यांच्या सौ. मेधाताई आपट्याची पानं घेऊन हजर. माझ्या बायकोने, मंजिरीने, निरांजन लावलं. सुहासरावांनी दोरी ओढली. मी बटण दाबलं.

आहाहा! सातही पंखे पेटले, कीबोर्ड पेटला, रॅम पेटली, कूलरचं चक्र फिरू लागलं. हातोड्यावरसुद्धा जांभळा प्रकाश पडला.

"अगंबाई!" मेधाताई म्हणाल्या. "देवीच्या मंडपात आल्यासारखं वाटतंय."

ही मी पावती समजलो. सुहासरावांकडे बघितलं. ते चक्क पंखे मोजत होते. सईही बघत होती, पण ती पंखे मोजत नव्हती.

"बाबा, हे कॅबिनेट आपल्या यादीत..."

"सरप्राईज!" मी ओरडलो. "बस, खेळ!"

ती बसली. मॉनिटरचा पडदा काळा. आम्ही थांबलो. पडदा काळाच. मग त्यावर एक छोटी चौकट आली, सिग्नल नाही म्हणून, आणि तीही लाजून निघून गेली.

"वायर सैल असेल," मी म्हणालो. वायर काढली, फुंकली, लावली. काळा. मॉनिटरचं बटण तीनदा दाबलं. काळा. तेवढ्यात घर्रर्र आवाज आला. कॅबिनेटला घातलेल्या झेंडूच्या माळेचं टोक वरच्या पंख्याने ओढून घेतलं होतं, आणि काचेच्या आत पिवळ्या पाकळ्या गरागरा फिरत होत्या. दिसायला देखणं होतं, पण पडदा काळाच.

"अहो, राहुकाळ बघितला होता का?" मंजिरी कुजबुजली.

"हॅलोजनचं असंच होतं कधी कधी," असं म्हणून मी कॅबिनेटच्या डोक्यावर एक हलकी थाप मारली. एका पंख्याचा हिरवा रंग लाल झाला. बाकी प्रगती शून्य. मग मी चढ्या आवाजात दुकानदारावर घसरलो. "फसवलं! दुकानात चालू होतं! सगळ्यांदेखत चालू होतं!"

सईने मशीन बंद केलं, खाली वाकली आणि काचेतून आत बघितलं. मग सुहासराव वाकले. मग मेधाताई, मंजिरी, सगळेच वाकले. पत्र्याचं खोकं असतं तर आतलं कोणाच्या बापाला दिसलं नसतं. पण मी तर दोन बाजूंनी अखंड काच घेतलेली! जी काच घेण्यासाठी कार्ड सोडलं, त्याच काचेतून ते नसलेलं कार्ड सगळ्यांना लख्ख दिसत होतं. वरून माझाच फोकस!

"बाबा, कार्ड कुठेय?"

"असेल की आतच."

"इथे तर मोकळंच दिसतंय गं," मेधाताई म्हणाल्या, ज्यांना मोबाईलचा चार्जर कुठे खुपसायचा हेही सुहासरावांना विचारावं लागतं!

बावीस वर्षांच्या धंद्यात माझ्या हातून एकदाही असं झालं नव्हतं, की कमान उभी, सनई चालू, वऱ्हाडी हजर, आणि नवरदेवच बोलवायचा राहिला.

सुहासराव वर झाले आणि माझ्याकडे बघू लागले. मी फोकसचं बटण शोधू लागलो. तेवढ्यात सई म्हणाली, "काका, कार्ड आम्ही दिवाळीला घेणार आहोत. दोन टप्प्यांत करायचं ठरलंय. हो ना, बाबा?"

"ठरलंच होतं," मी हातोड्याकडे बघत म्हणालो.

दोन महिने खपून केलेली यादी बापाने मोडली होती, आणि पोरगी बापाची बाजू घेऊन खोटं बोलत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यात माझा कीबोर्ड रंग बदलत होता. (तो मशीन बंद केल्यावरही पेटलेलाच राहतो. खास सोय!)

सुहासरावांनी एखादा टोमणा मारला असता, तर मला केवढा आधार झाला असता! ते गाडी घेऊन गेले आणि पाऊण तासाने टॉवेलात काहीतरी गुंडाळून परत आले. स्वतःच्या कॉम्प्युटरमधलं कार्ड काढून आणलं होतं.

"तुमचं येईपर्यंत हे राहू द्या, दिलीपराव. आमचं राहील बंद."

पाकळ्या वेचल्या, कार्ड बसवलं, पडद्यावर चित्र आलं. सईने उडी मारली. "काका, यू आर द बेस्ट!"

साठ हजार माझे. सात पंखे माझे. बेस्ट कोण? काका!

त्यानंतर सई रविवारी घरीच असते. मला हवं होतं तेच झालं. फक्त सुहासरावही रविवारी आमच्याच घरी असतात, कारण त्यांचं मशीन बंद. सकाळी दहाला येतात, माझ्या खुर्चीत बसतात. मिसळ मी पार्सल आणतो. सईचा पापड आता सुहासराव खातात.

एका रविवारी सई म्हणाली, "बाबा, तुम्ही पण खेळा ना." मी बसलो. अर्ध्या मिनिटात मेलो. या खेळात मेलेल्याला सोबत्याने येऊन उठवायचं असतं. मला कोणी उठवलं? सुहासरावांनी! सकाळभरात अकरा वेळा. आयुष्यात कमी उपकार होते, म्हणून आता मेल्यावरही! बाराव्या वेळी मात्र मी भिंतीआड सापडलो असताना सई ओरडली, "बाबा, माझ्या मागे थांबा, मी कव्हर देते!" आणि मी चांगली दोन मिनिटं जगलो.

त्याच आठवड्यात एका लग्नाचा ॲडव्हान्स आला. मी तडक दुकानात गेलो. सुहासरावांचं कार्ड सुहासरावांच्या टॉवेलात परत, आणि पापड परत माझ्या ताटात!

दुकानदाराने मला लगेच ओळखलं. "काय काका, घरची दोन्ही कार्डं संपली?"

मी खिशातून सईची यादी काढली. घडीवर घडी पडून मऊ झालेली. ती महागाची ओळ त्याला दाखवली. "हेच द्या. यादीत आहे तसंच. या वेळी काही म्हणजे काही बदलायचं नाही."

तो आत गेला, कार्ड घेऊन आला आणि काउंटरवर ठेवलं. काळं, साधं, गंभीर चेहऱ्याचं. अगदी सुहासरावांचं आहे तसंच.

मी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या मागच्या फळीकडे बघितलं.

"बरं," मी घसा खाकरून म्हणालो, "ह्यातच दिव्यांचं किती वर जाईल?"